हॅकरने केलेलं कौतुक

छापखान्यातल्या बाइंडरने सायकलचं चित्र काढून फेसबुकवर टाकलं. दुपारपर्यंत तीन लाइक आले. त्यातला एक बायकोचा, तोही तोंडदेखला. मेव्हण्याच्या नव्या सोफ्याला मात्र दोनशे अकरा. चार महिने हेच चाललं होतं. जेवताना तो फोन पालथा ठेवी आणि दर दोन घासांनी उलटून बघे.

शेवटी त्याने 'कलारसिक' नावाचं दुसरं खातं उघडलं आणि सायकलखाली लिहिलं, 'अद्वीतीय! या माणसाच्या बोटांत जादू आहे.' दहा मिनिटं फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, खातं बदलायचंच राहिलं होतं. कौतुकाशेजारी त्याचाच हसरा फोटो होता.

त्याने ते घाईघाईने पुसलं. तोवर मेव्हण्याने स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला होता.

"माझं खातं हॅक झालं," त्याने घरी सांगितलं.

"हॅकर तुमचं कौतुक कशाला करेल, बाबा?" मुलीने विचारलं.

बायकोने त्याच्याकडे न बघताच पानात पोळी वाढली. ते जास्त लागलं.

छापखान्यातही त्याने हॅकरच पुढे केला. मालक धास्तावले. त्यांनी सगळे पासवर्ड बदलायला लावले, त्या गडबडीत मुख्य संगणकाचा नवा पासवर्ड कुणालाच आठवेना आणि छपाई दीड दिवस अडली. सगळे हात बांधून बसले. बाइंडर मान खाली घालून पुठ्ठ्यांना खळ लावत राहिला.

तिथे प्रूफं तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या लाल पेनाला मालकसुद्धा वचकून असत.

"अद्वितीयमधला 'द्वि' ऱ्हस्व असतो. पुसण्याआधी वाचलं मी."

"ते हॅकरने..."

"हॅकरला सांगा." बाईंनी स्टूल ओढलं, आवाज खाली आणला. "दुसरं खातं कसं उघडतात?"

त्यांनी फोन पुढे केला. दोन वर्षांत त्रेपन्न कविता, आणि एकीखालीही कुणाचा शब्द नाही.

बाइंडरने खळीचा ब्रश खाली ठेवला. "नका उघडू, बाई. ते मीच लिहिलं होतं. आता बायकोच्या डोळ्याला डोळा देववत नाही."

तो कविता वाचू लागला. बऱ्याचशा डोक्यावरून गेल्या. एका ओळीपाशी मात्र अडला: 'आई माझं नाव विसरली, मी जेवले का, ते विचारायचं विसरली नाही.'

त्याने आपला फोन काढला, खात्याचं नाव तीनदा तपासलं आणि लिहिलं, 'इथे मी थाबलो.' पाठवण्याआधी बाईंना दाखवलं.

"अनुस्वार राहिला," बाई म्हणाल्या.

तो दुरुस्त करायला गेला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. "असू दे. तसंच पाठवा."