दोन डिस्कांचं गाऱ्हाणं

संगणक सुरू करण्याआधी त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी नाना. देवळात घालतात तसंच, हात जोडून, डोळे मिटून, खड्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! ह्या डब्यात दोन डिस्की बसवल्यात. एक म्हातारी, एक तरणी. त्येंका एकमेकींचा तोंड बघूक लाव. काय वाकडा-तिकडा आसात ता सरळ कर रे म्हाराजा!"

यावर कुणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणावं लागतं, नाहीतर गाऱ्हाणं पुरं होत नाही. ते काम माझ्याकडे होतं. त्यातही नाना चुका काढत.

"घाय करू नको गो. वायंच थांबान म्हण." वायंच म्हणजे जरासं; तेवढंही मला जमत नसे.

नाना सत्तावीस वर्षं मालवाहू बोटींवर इंजिनखोलीत होते. कुठलंही यंत्र बिघडत नाही, "तेका कोणी समजान घेवक नाय" इतकंच, हे त्यांचं ठाम मत. मी पंचायतीच्या कचेरीत कारकून. संगणकाचा सक्तीचा कोर्स केलेली आणि किराण्यापासून गणपतीपर्यंत सगळ्याच्या याद्या करणारी. नानांनी मला बोलावलं ते या याद्यांमुळे, असा माझा समज होता.

भानगड अशी होती. नानांच्या संगणकातली विंडोज व्हायरसने मेली. कुडाळच्या दुकानदाराने नवी डिस्क दिली आणि म्हणाला, जुनी इथे ठेवून जा, त्यातलं सगळं उतरवून देतो. नाना जुनी डिस्क पंच्यात गुंडाळून एसटीने परत घेऊन आले. तिच्यात काकींचा, नानांच्या बायकोचा, आवाज होता. काकी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. संगणक पहिल्यांदा घरात आला त्या दिवशी जावयाने माईक तपासताना काहीतरी रेकॉर्ड केलं होतं. काकींचा दुसरा आवाज कुठेच नव्हता.

"ती डिस्क माझ्या नजरेआड जावची नाय," नाना म्हणाले.

म्हणून ठरलं, नव्या डिस्कवर विंडोजच्या जागी लिनक्स घालायचं आणि त्यातून जुनी उघडायची. नाना जावयाने पाठवलेली लिनक्सची सीडी घेऊन बसले. जुनी डिस्क रुंद पट्टीने जोडलेली, नवी बारीक लाल वायरीने. दोन्ही ऐंशी जीबीच्या. लिनक्स चढायचं, पण संगणक सुरू केला की काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. पाच रविवार हेच. नवरा रोज विचारायचा, "काय गो, नानांचो कंप्युटर यंदा तरी पास होतलो मा?"

मी यादी केली होती. चौदा पायऱ्या. लिनक्स प्रत्येक डिस्कला एक नाव देतं; जुनीचं एचडीए, नवीचं एसडीए. नववी पायरी मी लाल शाईने लिहिली होती: 'एसडीए निवडा. एचडीएला हात लावू नये.'

सहाव्या रविवारी जावयाकडून नवी सीडी आली. नारळ, गाऱ्हाणं, व्हय म्हाराजा. पडद्यावर या वेळी एचडीए नव्हतीच. एसडीए आणि एसडीबी होत्या. नाना थबकले.

"गो, ह्या नाव बदललाहा."

"नाना, यादीत एसडीए आसा. तुम्ही एसडीए घ्या."

त्यांनी घेतली. अर्ध्या तासाने संगणक पहिल्याच फटक्यात सुरू झाला. रंगीत पडदा, सुरेल आवाज. नानांनी मला पेढा दिला. मग आम्ही जुनी डिस्क शोधू लागलो.

नवी सीडी रुंद पट्टीच्या जुन्या डिस्कलाच एसडीए म्हणत होती; नवी झाली होती एसडीबी. संगणक जुन्या डिस्कवरून चालत होता. तिच्यातलं सगळं पुसून.

माझ्या हातात यादी होती. कुठे ठेवावी ते सुचेना.

 नाना म्हणाले, "चालू झालो मा? मगे." आणि चहा ठेवायला आत गेले. साखर घालायची राहिली. मी तसाच प्याले.

कप ठेवताना मी विचारलं, "काकी काय बोलल्या होत्या त्यात?"

"ती खंय बोलता? मीच गाऱ्हाणा घालतंय. कंप्युटर नवो इल्लो मा. ती मधी मधी व्हय म्हाराजा म्हणता. तीनदा." त्यांनी कप बशीत फिरवला. "तिका घाय नसायची. वायंच थांबान म्हणायची."

पुढच्या रविवारी त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली. मी म्हटलं, नाना, आता बसवायचं काय राहिलंय?

"बसवूक काय नाय. गाऱ्हाणा घालूचा आसा."

मी यादी न घेता गेले. संगणक बंदच होता. नारळ ठेवलेला होता. नानांनी डोळे मिटले आणि देवाला सांगितलं, की ह्या पोरीच्या हातून झाला ता मनात ठेवू नको, आणि तिच्याही मनातना काढ रे म्हाराजा!

मी वायंच थांबले. मग म्हटलं.