नकाशे खात्याचं बिऱ्हाड

सरकारने नकाशे खातं राजधानीतून हलवायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या खात्यात टाळ्या वाजवल्या त्या एकट्या हेडक्लार्क भाऊसाहेबांनी. बाकीचे भिंग घेऊन ते नवं गाव नकाशावर शोधत होते. (सापडलं, पण नेमकं कागदाच्या घडीवर.)

भाऊसाहेबांना जायची हौस होती असं मुळीच नाही. पण मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हळूच सांगितलं होतं, "एक माणूस इथे ठेवायचाय, संपर्क अधिकारी म्हणून. बाकीच्यांना कुरकुर न करू देता गाडीत बसवा, की ती खुर्ची तुमची." दुसऱ्यांना खड्ड्यात ढकलून आपण काठावर उभं राहायचं, ही योजना भाऊसाहेबांना मनापासून पटली.

ऑफिसात भिंतींना कान, म्हणून ते एकेकाला घरी चहाला बोलावू लागले.

"अरे, इथे ठेवलंय काय?" ते ड्राफ्ट्समनला म्हणाले. "खिडकी उघडली की शेजाऱ्याचा बनियन तोंडावर! तिथे अंगण मिळेल, अंगण. आणि हवा अशी, की म्हातारी माणसं काठ्या टाकून चालतात."

"तुम्ही पाहिलंय गाव?"

"या डोळ्यांनी!" (त्या डोळ्यांनी गाडीचं वेळापत्रकसुद्धा पाहिलं नव्हतं.)

ड्राफ्ट्समन विरघळला. टायपिस्टबाई विरघळल्या. हट्टी शिपाईसुद्धा बोजा बांधायला लागला. चहाचे कप भरणारी बायको आणि आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेतलेली आई याही ऐकताहेत, हे मात्र भाऊसाहेबांच्या गावीही नव्हतं.

खुर्चीची ऑर्डर हाती पडली त्या संध्याकाळी ते शीळ घालत घरी आले आणि दारातच ट्रंकेला अडखळले. ड्राफ्ट्समन मदतीला आला होता. तो कपाटाला दोरी बांधत होता.

"बरं झालं आलात," बायको म्हणाली. "माझ्या शाळेने बदली दिली. मुलांचे दाखलेही काढलेत."

"कुठली बदली?"

"कुठली म्हणजे? तुम्हीच नाही का सांगत होतात, अंगण मिळेल म्हणून?"

भाऊसाहेब मटकन ट्रंकेवर बसले. "अगं, पण मला इथेच ठेवलंय!"

ड्राफ्ट्समनचा हात थांबला. बायकोने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे ते सगळं खोटं होतं की काय?"

खरं बोलावं तर ड्राफ्ट्समन दोरी सोडणार, त्याच्यामागून सगळं खातं जागचं हलणार नाही आणि खुर्ची जाणार. भाऊसाहेब घाईघाईने म्हणाले, "छे! खोटं कसं असेल?"

"मग तुम्ही राहा खुशाल. मी आणि मुलांनी इथे का घुसमटायचं?"

"मी तर जाणारच," आई काठी आपटत म्हणाली. "ही टाकायचीय मला."

खातं गेलं. घर गेलं. रिकाम्या हॉलमध्ये एका टेबलापाशी बसून भाऊसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला खातं कुठे गेलं ते सांगू लागले. आठवड्यातच घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी फोन लावला. तिकडचा नवा हेडक्लार्क होता ड्राफ्ट्समन.

"जरा रजा हवी होती. घरी येऊन जाईन म्हणतो."

"या की! फक्त अर्ज इथे समक्ष द्यावा लागतो."

"अहो, समक्ष यायलाच रजा हवी ना?"

"मग ती आधी मंजूर करून घ्या," ड्राफ्ट्समन आपुलकीने म्हणाला. "वहिनी शेजारीच राहतात. काही निरोप?"

भाऊसाहेबांनी हॉलभर नजर टाकली. ऐकायला कोणी नव्हतं.

"विचारा," ते पुटपुटले, "गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो?"