बिनखुणेचे जोडे

"लग्न आणि राजकारण, या दोन गोष्टींचे फोटो मी काढत नाही," असं सोदिकने सकाळच्या चहाला तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मुनव्वरने नान तोडून त्याच्या पुढ्यात जरा जोरातच ठेवली.

"मग काढता तरी कशाचे? मागच्या महिन्यात भिंतीचे काढलेत. त्याआधी डबक्याचे. डबकं कधी आलंय का, सोदिक अका, झकास आला हो माझा फोटो, म्हणायला?"

"कलेला शाबासकी लागत नाही."

"कलेला नसेल लागत. माझ्या आईला लागते. काल विचारत होती, जावई हल्ली नक्की करतात काय?"

यावर सोदिककडे उत्तर होतं, पण ते फार लांबलचक होतं आणि चहा गार होत होता.

गोष्ट अशी, की आमच्या तूतजोर मोहल्ल्यात अध्यक्षाची निवड आली होती. आमच्याकडे मोठ्या माणसाला मानाने अका म्हणतात; तर खुर्चीवर बसलेले एर्गश अका आणि खुर्चीकडे डोळे लावून बसलेले तुर्सुन अका, दोघांनीही सोदिकला आपापला रुबाबदार फोटो काढायला सांगितलं. सोदिकने दोघांनाही नाही म्हटलं. त्याच्या फोटोत माणूस नसायचाच. माणूस आला की पक्ष आला, असं त्याचं मत. सगळ्या मर्गिलान शहरात हे मत बाळगणारा तो एकटाच होता. त्यामुळे त्याच्याशी कुणी वादही घालायचं नाही, आणि याचं त्याला मनातून वाईट वाटायचं.

ताश्कंदला स्वतंत्र कलावंतांचं एक प्रदर्शन भरतं. नऊ वर्षं सोदिक तिथे अर्ज करत होता आणि नऊ वर्षं नकार पचवत होता. यंदा प्रदर्शन भरवणाऱ्या शोइरा ओपांचा फोन आला. "चित्र आम्हाला आवडलंय. फक्त मोहल्ल्याचा दाखला पाठवा. कलावंत कुठल्याही पदावर नाही, असं लिहून अध्यक्षांची सही आणि शिक्का. रविवारी संध्याकाळपर्यंत हवा हं." सोदिकने फोन ठेवला आणि परसात जाऊन थोडा रडला. रडणार नाही तर काय, नऊ वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

ते चित्र जन्माला कसं आलं, तेही सांगायला हवं. पंधरा दिवसांपूर्वीच्या गुरुवारी दुपारी तुर्सुन अकांकडे पुलावाची बैठक होती. सोदिक गेला होता तो त्यांना तोंडावर नकार द्यायला. पण उंबऱ्याशी पोचला आणि थबकला. वितळत्या बर्फाच्या चिखलात बावीस जोड रबरी जोडे, त्यांवर तिरपं ऊन, आणि आतून नुसता हसण्याचा आवाज. त्याने एकच फोटो काढला आणि ज्या कामाला आला होता ते विसरून तसाच घरी परतला; नकार मग फोनवरच कळवला. चित्राला नाव दिलं, 'शांतता'.

ताश्कंदला जाण्याआधी आपल्या माणसांनीही पाहावं, म्हणून शुक्रवारी त्याने ते पुरुषभर उंच करून चायखान्याच्या भिंतीवर टांगलं. पहिला आला नबी न्हावी. हा एर्गश अकांचा सख्खा मेहुणा. चहाची वाटी तोंडाशी नेता नेता तो थांबला.

"अरे, हा तर माझा जोड!"

आता आमच्याकडे सगळ्यांचे जोडे सारखेच, बाहेरून काळे, आतून लाल. मशिदीत, लग्नात, मयताला, उंबऱ्याबाहेर त्यांचा ढीग पडतो. म्हणून ज्याची त्याची खूण ठरलेली. नबीची निळी गुंडी, चायखानेवाल्या मामूरची तांब्याची तार, कुणाची टाचेला चीर, कुणाचा पिवळा ठिपका. या खुणा पोराटोरांनाही तोंडपाठ असतात. सोदिक मात्र बारा महिने नाडीचे शहरी बूट घालायचा, त्यामुळे हे शास्त्र त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"छान ओळखलंस," सोदिक खूश होऊन म्हणाला.

"छान? सोदिक अका, मी त्या दिवशी कोकंदला मयताला गेलो होतो!"

"मग तुझे जोडे इथे कसे?"

"तेच माझी बहीण विचारील ना! पुसून टाका ती गुंडी."

"नबी, मी जोड्यांचा फोटो काढलेलाच नाही. मी अनुपस्थितीचा फोटो काढलाय."

"कसली अनुपस्थिती? आम्ही सगळेच्या सगळे हजर दिसतोय त्यात!"

दुपारपर्यंत चायखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका आल्या, बोटं ठेवून खुणा वाचू लागल्या. "ही चीर आमच्या ह्यांची. दात काढायला गेलो होतो म्हणाले!" "दात काढून पुलाव खाल्ला वाटतं?" संध्याकाळी तुर्सुन अकांनी फोनवर चित्राचं चित्र काढून मोहल्लाभर पाठवलं आणि खाली लिहिलं, 'कोण कोणाबरोबर आहे ते पाहून घ्या.' सोदिक गोंधळून सगळ्यांना सांगत सुटला की कलेला पक्ष नसतो. लोक म्हणाले, कलेला नसेल, पण जोड्यांना असतो.

शनिवारी एर्गश अकांनी त्याला बोलावलं. दाखला लिहून टेबलावर तयार होता. शिक्का मात्र त्यांच्या मुठीत.

"चित्र उतरव, मग शिक्का."

"पण अका, तुम्ही अजून नीट पाहिलंही नाहीत."

"मला पाहायचंच नाही," एर्गश अका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या कपाळावर घाम का आला, ते सोदिकला कळलं नाही.

तो शिडी घेऊन चायखान्यात गेला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर असताना खाली तुर्सुन अका येऊन उभे राहिले. "उतरवलंस तर तू एर्गशचा माणूस."

"आणि नाही उतरवलं तर?"

"तर माझा."

सोदिक बराच वेळ शिडीवरच उभा राहिला. वर गेला तरी राजकारण, खाली आला तरी राजकारण. शेवटी मामूरच त्याला म्हणाला, "उतरा हो, चित्र उद्याच्या निवडीच्या सभेपर्यंत राहू द्या. शिडी मला लागत्येय."

इकडे मोहल्ल्यात वेगळीच धांदल उडाली होती. ज्याला त्याला 'तो जोड माझा नव्हेच' म्हणायचं होतं, म्हणून जो तो खूण बदलायला बसला. नबीने निळी गुंडी तोडून लाल लावली. मामूरने तार काढून हिरवी चिंधी बांधली. रविवारी चायखान्याच्या उंबऱ्याबाहेर जोडे असे नटून बसले होते, की जणू त्यांचंच लग्न आहे.

सभा सुरू झाली. एर्गश अका उभे राहिले. "तीन वर्षांत मी त्या तुर्सुनचा उंबरा ओलांडलेला नाही," ते गरजले. "पण तुमच्यातले काही त्याच्या घरचा पुलाव चापून आले! लाज वाटते मला!"

बायकांच्या बाजूने सालोमत खाला काठी टेकत उठल्या. मोहल्ल्यातलं सगळ्यात जुनं माणूस. निम्म्या मोहल्ल्याचे कान त्यांनी पिळलेले.

"एर्गशजान, माझे डोळे अधू. मला एवढंच सांग, त्या चित्रात मधोमध एक जोड आहे, त्याला गुंडी नाही, चीर नाही, काही नाही. तो कुणाचा रे?"

 सगळ्यांनी चित्राकडे पाहिलं, मग दाराबाहेर. तिथल्या नटव्या गर्दीत एकच जोड साधा, काळाभोर, बिनखुणेचा होता. मोहल्ल्यात खूण न लागणारा माणूस एकच. त्याचा जोड चुकून घालायची कुणाची छाती होणार?

"बाजारात असे छप्पन्न मिळतात," एर्गश अका पुटपुटले.

"सांगून टाका आता," तुर्सुन अका मान खाली घालून म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही सगळे पुलावात दंग असताना मागच्या खोलीत आमचं ठरलं होतं. पहिली दोन वर्षं हे, मग मी."

मग जो गोंधळ माजला तो विचारू नका. नबी ओरडत होता, "अहो, आणि मी तुमच्या भीतीने खोटं मयत केलं!" गेले दोन दिवस ज्या बायका नवऱ्यांशी बोलत नव्हत्या त्या एकदम सगळं बोलू लागल्या. सोदिक कोपऱ्यात उभा राहून कोण कोणावर चिडलंय ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होता. त्याला एवढंच कळत होतं, की शिक्का मारणारा माणूस बुडतोय आणि संध्याकाळ जवळ येत्येय.

"त्या दिवशी दारापर्यंत जाऊन आत कोण गेलं नाही?" खालांनी काठी आपटली. "दोघांनाही नाही कोण म्हणालं?"

सगळे वळून सोदिककडे पाहू लागले.

"नाही, नाही," सोदिक म्हणाला. "मी कलावंत आहे. मला पक्ष नाही!"

"म्हणूनच तर!" चाळीस माणसं एकदम म्हणाली आणि चाळीस हात वर झाले. तुर्सुन अकांचाही झाला. काही न सुचून शेवटी एर्गश अकांचाही झाला.

मामूरने शिक्का आणून सोदिकच्या तळहातावर ठेवला, दुसऱ्या हातात तो तयार दाखला दिला. तेवढ्यात फोन वाजला. मुनव्वरने तो त्याच्या कानाला लावला.

"सोदिक अका, तुमच्या चित्राला समोरची भिंत दिलीय," शोइरा ओपा म्हणत होत्या. "आता फक्त दाखला. अध्यक्ष भेटले का?"

सोदिकने दाखला वाचला. 'सोदिक कोणत्याही पदावर नाही. सही, अध्यक्ष.' पुन्हा वाचला.

"भेटले," तो म्हणाला. "पण... त्यांच्याकडून सही होईलसं वाटत नाही."

"का हो? वाईट माणूस आहे का?"

"तसा नाही," सोदिक तळहातावरच्या शिक्क्याकडे पाहत म्हणाला. "त्याला राजकारणातलं काही कळत नाही."

मुनव्वरने फोन बंद केला. नवऱ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. "आईला सांगते," ती म्हणाली. "जावई काय करतात ते कळलं म्हणावं."

सोदिक दाराशी आला. एरवी त्याचे नाडीचे बूट लोकांच्या पायाखाली तुडवले जाऊन कुठेतरी कडेला उपडे पडलेले असायचे. आज ते उंबऱ्याच्या मधोमध होते, चिखल पुसलेले, पाय सरकवायला सोपे जावेत म्हणून कुणीतरी अदबीने बाहेरच्या बाजूला वळवून ठेवलेले. आजूबाजूच्या सगळ्या जोड्यांनी त्यांना हातभर जागा सोडली होती.

त्यांवर तिरपं ऊन पडलं होतं. सोदिकचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला. मग तो थांबला. या फोटोत माणूस होता.