बासष्ट किलोंची डावी सीट

पहिल्याच भेटीत भोयर सरांनी माझ्या पोटावर लोकरीचे धागे चिकटवले. मी मास्तरकीच्या नोकरीवर पिपरी मेघेत नवा राहायला आलो होतो आणि विरजणाला चमचाभर दही मागायला शेजारी गेलो होतो. त्यांनी मला टेबलफॅनसमोर उभं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि धाग्यांची फडफड बघत म्हणाले, "मास्तर, पोटावरून हवा मस्त सरकून राह्यली. पण मागं पाठ एकदम सपाट हाय ना, तिथं गोंधळ करते." माझ्या पोटाबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. दही विसरून मी खुशीत घरी आलो.

सर तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवायचे. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते स्वतःची गाडी बांधायला बसले. पुढे दोन चाकं, मागे एक, इंजिन जुन्या मोटरसायकलचं. एक लिटर पेट्रोलमध्ये रोहण्याला जाऊन परत यायचं, एवढंच ध्येय. रोहणा हे सरांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं माहेर. वहिनींची कंबर धरलेली, बसचे धक्के सोसवत नाहीत आणि स्कूटर डॉक्टरांनी बंद केलेली. तिकडे त्यांचा थोरला भाऊ म्हातारा झालेला. तो फोनवर विचारायचा, "शालू, कवा येशीन वं?" वहिनी शेडकडे बघून म्हणायच्या, "गाडी झाली का येतो रे दादा." हे चार वर्षं चाललं.

चार वर्षं लागली, कारण सर कोणताही निर्णय स्वतः घेत नसत. "हवेले विचारा," म्हणत. गाडीच्या अंगभर धागे लावून ते कॉलनीच्या मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या मारायचे आणि मला धाग्यांचं शूटिंग करायला मोबाइल घेऊन स्कूटरवरून मागे पळवायचे. धागा सरळ राहिला तर हवा खूश. गरगरला की पत्रा पुन्हा ठोकायचा. शेवटी गाडीला भरताच्या वांग्याचा आकार आला. कॉलनीत तिला वांगंच म्हणू लागले. सरांना त्याचा राग नव्हता. "वांगंच हाय. जाड तोंड पुढं, निमुळती शेपटी मागं. हवेले असंच लागते."

इंजिन कुठे बसवायचं, यावर मात्र ते हवेचंही ऐकत नसत. मी एकदा सहज म्हणालो, सगळ्या गाड्यांचं पुढे असतं, तुम्हीही पुढेच ठेवा. सर माझ्यावर असे उखडले की मी हातातला चहा खाली ठेवला. "समोर ठेवलं का गरमी सारी गुडघ्यावर येते. तिचे गुडघे का शेकाचे हायत?" म्हणून इंजिन मागे, तेही चेनच्या सोयीसाठी थोडं उजवीकडे. उजवीकडे सर स्वतः बसणार. मग डावीकडे तोल सांभाळायला काय? डाव्या सीटवर वहिनी. वजन बासष्ट किलो. तेवढ्या वजनाचं गव्हाचं पोतं सीटवर बांधून सरांनी शेकडो वळणं घेतली. स्वतः गाडी चालवताना ते चपला आणि खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायचे. एकदा पोत्याऐवजी मला बसवलं. निघण्याआधी विचारलं, "नाश्ता झाला का?" झाला म्हटल्यावर उतरवलं.

शेवटी तो रविवार उजाडला. वहिनींनी ठेवणीतलं लुगडं काढलं. भावासाठी केलेल्या करंज्यांचा डबा सरांनी तोलून आत घेतला. कॉलनी गेटवर जमली. वांगं अगदी रुबाबात निघालं आणि किराणा दुकानाजवळच्या डाव्या वळणावर त्याचं डावं चाक चांगलं वीतभर उचललं. धप्पकन खाली आलं. कुणाला लागलं नाही, पण सरांचा चेहरा पांढरा पडला. मी धावत पोचलो तोवर ते अनवाणीच गाडीभोवती फिरत होते. चाक ठीक, हवा ठीक, नटबोल्ट ठीक.

"पोत्यावर तर नव्हतं उचललं," ते पुटपुटले. मग थांबले आणि वहिनींकडे वळले. "अवं, तुझं वजन किती हाय?"

"मले का माहीत?"

"त्या साली काट्यावर बासष्ट आलतं ना?"

"त्याले आठ-दहा वर्षं झाले असतीन."

दुकानातल्या धान्याच्या काट्यावर त्यांनी वहिनींना उभं केलं. सत्तेचाळीस. सरांनी काटा तपासला, स्वतः चढून पाहिलं. काटा बरोबर होता.

"पंधरा किलो," सर म्हणाले. "पंधरा किलो कुठं गेले वं?"

"कुठं जातीन?" वहिनी साधेपणानं म्हणाल्या. "तुमी डबा घेऊन शेडमधी जेवता. एकटीसाठी कोण ताट वाढून घेते? चहात पोळी बुडवतो अन् पडून राह्यतो."

ज्या माणसानं चार वर्षं एकेक स्क्रू तोलला, तो वहिनींच्या सैल झालेल्या बांगड्या पहिल्यांदाच बघत होता. मीही भिंतीला भिंत लावून राहतो, येता-जाता वहिनींच्या हातचा चहा पितो. मलाही दिसलं नव्हतं. फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "सर, इंजिन चार बोटं डावीकडे घ्या. दोन दिवसांचं काम आहे."

"नाई." सर एकदम ताठ झाले. "इंजिन बरोबर जागेवर हाय. मीच पाह्यलं नाई."

त्यांनी दुकानातून पंधरा किलो तांदूळ घेतले आणि थैली वहिनींच्या पायाशी ठेवली. वहिनी म्हणाल्या, बरं झालं, दादाकडं उतरवू. "बिल्कुल नाई," सर म्हणाले, "परत येताना लागतीन." वहिनी खळखळून हसल्या. वांगं पुन्हा निघालं आणि रोहण्याला पोचलंसुद्धा.

संध्याकाळी परतल्यावर मी विचारलं, "मग? एका लिटरमध्ये झालं का?"

सर चपला घालत म्हणाले, "मोजलंच नाई, मास्तर."

आता दर महिन्याला दोघं जातात. दर खेपेला सर थैलीतले तांदूळ थोडे काढून घेतात. परवा अकरा किलो होते. दुपारी शेडला कुलूप असतं, आणि भिंतीपलीकडून सरांचा आवाज येतो, "अजून एक घे वं. घे ना."