जावयाची टेप

"सत्य वगैरे काही नसतं," असं जावईबापूंनी घरात जाहीर केलं आणि चहा मागितला. सासऱ्यांच्या घरी राहणारे हे फोटोग्राफर, म्हणून सगळ्यांचेच जावईबापू. जन्म ओळखपत्रांचे फोटो काढण्यात गेला. आता कुठे पहिल्या प्रदर्शनाचा योग आला होता. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने एक टेप बनवली. तिच्यातला एक इंच लठ्ठ, तर शेजारचा मरतुकडा. ही टेप लावून त्यांनी खुर्ची, कपाट, दार आणि शेवटी सासरे, अशा सगळ्यांचे फोटो काढले. फोटो खरा आणि त्यातला आकडा खोटा, हीच तर गंमत, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले होते.

दुपारी आर्ट गॅलरीच्या बाई फोटो पसंत करायला आल्या. बाई पक्क्या. पर्समधून स्वतःची लोखंडी टेप काढून त्यांनी आधी खुर्चीच मोजली.

"फोटोतही एवढीच आहे."

"जुळलं असेल चुकून," जावईबापू हसले. "दार मोजा."

दारही तंतोतंत भरलं. कपाटही. मघाशी चहा आणताना बायको चौकटीखालून वाकून आली होती, ते जावईबापूंना आता आठवलं.

"बाबांना मोजा," ते घाईघाईने म्हणाले. "फोटोत सहा फूट आहेत. खरे सव्वापाच."

सासरे भिंतीला टेकून उभे राहिले. पायजम्याखाली नडग्या उघड्या पडल्या होत्या. बाईंना स्टूल घ्यावं लागलं.

"सहा."

"मी सांगत होतोच," सासरे खूश झाले. "हिची आईच मला उगाच बुटका म्हणायची."

बायकोने मात्र चौकटीला हात लावून पाहिला. "अहो, ती टेप जाळून टाका," ती हळूच म्हणाली. "मला भीती वाटतेय."

"सगळं बरोबरच आहे की," बाईंनी पर्स बंद केली. "यात कला कुठे आहे? हे फर्निचरच्या दुकानाचं कॅटलॉग झालं. प्रदर्शन राहू द्या."

जावईबापूंचं अवसानच गळालं. जन्मात एकदा आलेली संधी उठून चालली होती. त्यांनी झटकन बाईंच्या पुढ्यात कॅमेरा वर धरला. "थांबा, हा बघा. तुम्ही यायच्या जरा आधी माझा स्वतःचा काढलाय. टेपवर मी तीन फूट. हे तरी खोटं आहे ना?"

बाईंनी फोटो पाहिला. मग खाली त्यांच्याकडे पाहिलं.

"आधी उभे तर राहा," त्या म्हणाल्या. "बसलेल्या माणसाला कसं मोजणार?"

जावईबापू उभेच होते.