लोकरीची लड आणि जावईबापूंची मुलाखत

जावईबापूंची मुलाखत दुपारी घरूनच, कॉम्प्युटरवर होती आणि सकाळपासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. बसले की गुडघा हलवायचे, उभे राहिले की बोटं कडाकडा मोडायचे, मध्येच उठून बंद खिडकी पुन्हा बंद करून यायचे. नोकरी जाऊन बरेच महिने झाले होते. आधीच्या मुलाखती त्यांनी याच चुळबुळीपायी घालवल्या होत्या. एका ठिकाणी तर बोलता बोलता साहेबांच्या टेबलावरच्या सगळ्या टाचण्या वाकवून ठेवल्या होत्या. आताची जागा होती मोज्यांच्या कारखान्यातली, यंत्रांवर नजर ठेवत दिवसभर पडद्यासमोर बसायची. तीही गेली तर सासूबाईंच्या नजरेसमोर आणखी किती दिवस काढायचे, हा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता.

सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या त्या सुया आणि लोकर घेऊनच. जगात हातानं केलेल्या वस्तू आणि टाकाऊ वस्तू असे दोनच प्रकार असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. लोकर येते लडीत. विणायच्या आधी तिचा गुंडा करावा लागतो आणि तोवर कुणीतरी दोन्ही पंजांवर लड ताणून धरून बसावं लागतं. मुलगी सकाळीच कामावर गेलेली, तेव्हा सासूबाईंची नजर जावयाच्या पंजांवर गेली.

"मुलाखतीला वेळ आहे ना? मग जरा हात द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतरी नुसतेच वळवळताहेत."

नाही म्हणायची सोय नव्हती. जावईबापू कॉम्प्युटरच्या टेबलापाशी बसले, निळी लड त्यांच्या हातांवर चढली आणि सासूबाई स्टुलावर बसून भराभर गुंडाळू लागल्या. थोड्याच वेळात सवयीनं जावईबापूंनी बोटं मोडायला हात जवळ आणले. लड सैल पडली, चूक झाकायला त्यांनी घाईघाईनं हात फिरवले, आणि त्यात अशी काही गुंतली की मनगटंही अडकली. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर वाजायला लागला. कारखान्याच्या मालकीणबाईंना लवकर सवड मिळाली होती.

"आई, काढा हे."

"काढू कसं? तोडावी लागेल. हातानं रंगवलेली लोकर आहे, ही छटा पुन्हा मिळायची नाही." असं म्हणत सासूबाईंनी विणायच्या सुईनंच बटण दाबलं आणि त्या टेबलाखाली शिरल्या. "तुम्ही बोला. मी खालून सोडवते."

पडद्यावर मालकीणबाई आल्या. चेहरा करारी आणि नजर सारखी खाली. अर्जातल्या चुकाच वाचताहेत, असं जावईबापू धरून चालले. प्रश्न सुरू झाले. नाकाला खाज सुटली, पण खाजवणार कशानं? गुडघा हलवावा तर त्यावर सासूबाईंचं कोपर. आयुष्यात पहिल्यांदा ते निश्चल बसले होते, आणि गंमत म्हणजे उत्तरंही धड येत होती.

"तुमचं बसणं फार स्थिर आहे," बाई म्हणाल्या. "बाकीचे उमेदवार किती हलतात."

एवढ्यानं जावईबापू हवेत गेले आणि पाठ केलेलं वाक्य बोलून मोकळे झाले. "मॅडम, मोजे यंत्राचेच. हातानं विणत बसायला आता वेळ कुणाला आहे? ते रिकामटेकड्यांचं काम."

टेबलाखालची हालचाल थांबली. मग लोकरीला असा हिसका बसला की जावईबापूंची हनुवटी टेबलावर आपटली. ते सावरताहेत तोच खालून हुकूम आला, "हात वर करा." त्यांनी केले. पडद्यासमोर शरण आल्यासारखे दोन हात उभे राहिले, मनगटांना निळी लोकर, आणि पाठोपाठ टेबलाच्या कडेवरून सासूबाईंचं डोकं वर आलं.

मालकीणबाई बघतच राहिल्या. हीही नोकरी गेली, हे जावईबापूंना कळून चुकलं. त्यांना अगदी रडू फुटायच्या बेतात होतं.

"रिकामटेकड्यांचं काम," बाई सावकाश म्हणाल्या आणि त्यांनी मांडीवरचे हात वर घेतले. हातांत सुया होत्या आणि सुयांवर अर्धवट विणलेला मोजा. त्याच्या टाचेला बोट जाईल एवढं भोक होतं.

"टाके कुठून उचलता?" सासूबाईंनी विचारलं.

"तेच तर कळत नाही. आमच्याकडे रोज ढिगानं मोजे निघतात, पण मला एक टाच वळवता येत नाही. आणि विचारू कुणाला? कारखान्याची मालकीणच हातानं विणते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

सासूबाईंनी जावईबापूंना खुर्चीसकट बाजूला सारलं, स्टूल पुढे ओढलं आणि पडद्यासमोर ठाण मांडलं. मग टाके कुठे थांबवायचे, कडेनं कसे उचलायचे, यावर दोघींचं असं रंगलं की मुलाखत कुणाच्या ध्यानातही उरली नाही. जावईबापू हात पुढे धरून ऐकत बसले. मध्ये विचारायचा धीर होईना आणि विचारल्यावाचून राहवेना. शेवटी सासूबाईंनाच आठवण झाली.

"बरं, जावईबापूंना कधीपासून पाठवू?"

"सोमवारपासून येऊ द्या." मालकीणबाईंनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "पडद्यासमोर दुसरं कुणी बसेल. यांना मी माझ्याच खोलीत बसवते. मला लड धरायला माणूस नाही."

जावईबापूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सासूबाई होकार देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

"न्या खुशाल," त्या म्हणाल्या. "आता चांगले तयार झालेत."