सत्यवतीअक्कांनी मारलेली रेघ

सत्यवतीअक्कांनी कमरेला पदर खोचला की कार्य पार पडलंच म्हणून समजावं! बंगळुरातल्या आपल्या जुन्या मराठी घरांतली निम्मी लग्नं त्यांनीच उभी केलेली. त्यामुळे सर्जापूर रोडच्या आत, तळ्याच्या काठी असलेलं त्यांचं शेत सरकारच्या नव्या नकाशात हिरव्याचं पिवळं झालंय, म्हणजे तिथं आता घरं होणार, हे कळलं तेव्हा त्या जराही डगमगल्या नाहीत.

"पिवळं करतात काय! बघतेच एकेकाला!"

"नकाशा अजून कच्चाय," रघुनंदनराव पेपराआडून म्हणाले. "लोकांची हरकत ऐकायला रविवारी साहेब जागेवर येतायत. शेत पिकतंय आणि माणसं नको म्हणतायत, एवढं त्यांना दिसलं की झालं. गावातली वीस माणसं पुरेत."

"वीस? अहो, वीस माणसं माझ्याकडे नुसती वाढायला असतात! दोनशे उभी करते. साहेबाची छाती दडपली पाहिजे!"

रघुनंदनरावांनी पेपर आणखी वर धरला. लग्नाला तीस वर्षं झाली की नवऱ्याला पेपराचा हा उपयोग कळतो.

अक्कांचा जीव त्या शेतात का अडकला होता, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवी नवरी होऊन आल्या तेव्हा भरल्या घरात रडायला कोपरा नव्हता. मग अवरे, म्हणजे आपला पावटा, तोडायच्या निमित्तानं त्या शेतात जायच्या, ओळींत बसून पोटभर रडायच्या आणि शेंगांनी ओटी भरून हसत घरी यायच्या. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी कामाची हो!"

आता मोर्चा कसा काढतात हे अक्कांना कुठून ठाऊक असणार? गर्दी जमवायची त्यांना एकच रीत माहीत होती. लग्नाची!

नाचणी कापून झाली होती, म्हणून तिथं मांडव पडला. दाराला केळीचे खांब. माणसं बोलावली म्हणजे पंगत आलीच, पंगत म्हणजे पाण्याचा टँकर आला, आणि आचाऱ्याला उजेड हवा म्हणून खांबावरून विजेची तार आली. दीर गुंडोअण्णा प्रत्येक कार्यात गळ्यात शिट्टी अडकवून गाड्या लावतात. त्यांनी चिखल नको म्हणून वाटेवर दोन लॉरी मुरूम ओतून घेतला.

आणि शनिवारी अक्कांनी स्वतः चुना घेतला. पंगतींच्या ओळी आखल्या, वाढप्यांना फिरायला मधून रुंद गल्ल्या सोडल्या, रस्त्यापासून मांडवापर्यंत एक लांबलचक रेघ ओढली. अशी सरळ, की दोरी लाजावी!

रविवारी जयनगर, जे. पी. नगर, मारतहळ्ळी, सगळीकडून माणसं लोटली. रेशमी साड्या काय, मोगरा काय! एकच चूक झाली. गुंडोअण्णांना गाड्यांना जागा पुरेना, आणि त्यांनी शिट्टी फुंकत पंचवीस मारुत्या अवरेच्या ओळींत घातल्या.

"अहो भावजी, ते उभं पीक आहे!"

"स्वल्प ॲडजस्ट करा हो वहिनी! जाताना काढतोच की!"

इतक्यात साहेबांची जीप आली. साहेब उतरले, मुरमावर दोनदा पाय आपटून पाहिले, वर तारेकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं.

"शेती कुठं आहे?"

"ही काय, तुम्ही उभे आहात तीच!" अक्का म्हणाल्या.

"ही? हे तर पार्किंग आहे, अम्मा."

अक्का घाबरल्या, पण हातचा एक पत्ता होता. बाजूच्या शेताचे शेषगिरी. तळ्याचं पाणी, वरची चार गावं, पुरात काय होईल, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ते बोलायला उभे राहिले आणि अक्कांचा तीस वर्षांचा हात आपोआप पुढं झाला.

"अण्णा, उपाशीपोटी बोलायचं नाही! आधी बसा!"

शेषगिरींच्या पानात तुपानं निथळणारी होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, पडली, मग दुसरी, मग आग्रहाची तिसरी. साहेबांनी "हरकत कोणाची?" म्हणून विचारलं तेव्हा शेषगिरींचे दोन्ही गाल भरलेले होते. त्यांनी जिवाच्या आकांतानं हात हलवला. साहेबांना वाटलं, वाढप्याला पुरे म्हणतायत.

"माझी आहे हरकत!" जाऊबाई मनस्विनी उठल्या. अक्कांचा जीव भांड्यात पडला. "इथं बसच येत नाही! किती हाल झाले आमचे! बाकी हवा काय गार आहे हो! साहेब, इथं घराला एक साइट, एक प्लॉट, कितीला पडेल?"

झालं! सगळा मांडव साहेबांभोवती गोळा झाला. कोपऱ्याची मिळेल का? पूर्वेला दार येईल का? गुंडोअण्णांनी तर शिट्टी वाजवून रांग लावली! अक्का मधोमध उभ्या राहून ओरडत होत्या, "अरे, नको म्हणायला बोलावलंय तुम्हाला! नको म्हणा!" पण सनईवाल्याला साहेब आले की वाजवायचं असं अक्कांनीच बजावलेलं होतं. तो इमानदारीनं वाजवत होता.

साहेब पोटभर जेवले. जाताना चुन्याच्या ओळींपाशी थांबले. "एवढ्या साइट आखून ठेवल्यात, रस्ते सोडलेत, तर हरकत ऐकायला आम्हाला कशाला बोलावलंत, अम्मा?"

"ती पंगत आहे हो!" अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज सनईत बुडाला.

संध्याकाळी गाड्या निघून गेल्या. चाकांखालच्या शेंगा मातीत रुतल्या होत्या. अक्का तिथंच बसल्या. रडायला बसल्या होत्या, पण आडोशाला ओळच राहिली नव्हती. रघुनंदनराव आले, शेजारी उकिडवे बसले आणि पेपर उघडून दोघांच्या तोंडापुढं धरला.

नकाशा पक्का झाला. पिवळा. मोजणीवाला आला तो हसत हसत. "अक्का, तुमची रेघ आम्ही तशीच ठेवली. मुख्य रस्ता त्याच्यावरूनच जातो. फार सरळ हात आहे तुमचा!"

आज तिथं घरं आहेत. जिथं अक्का अवरे तोडायच्या, तिथल्या दारात एक सून रोज सकाळी रांगोळी काढते. अक्का फिरायला म्हणून जातात आणि थांबून बघतात. पोरीचे डोळे कधीकधी सुजलेले असतात. मग अक्का पिशवीतून बाजारातल्या विकतच्या अवरेच्या शेंगा काढून तिच्या ओटीत टाकतात.

"घे. घरात सांग, तोडायला गेले होते."

"कुठं तोडायला, अक्का?"

अक्का वाकून तिच्या रांगोळीची एक रेघ सरळ करतात.